लायसन्स बाईचं, सही कुणाची?

घरातल्या बाईच्या नावाचे कागद किती असतात, हे कधी मोजून पाहिलंय का मैत्रिणींनो? रेशनकार्ड असतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून तर त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईचंच नाव लावायचं ठरलंय. आधार असतं, मतदार ओळखपत्र असतं, बचत गटामुळे बँकेचं पासबुक आलं. पण हे सगळे कागद आपण कोण, कुठल्या, कुणाच्या घरातल्या एवढंच सांगतात. शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं सोडली, तर आपल्याला काय येतं हे सांगणारा सरकारी कागद बहुतेकींकडे एकच असतो. तो म्हणजे गाडी चालवण्याचं लायसन्स. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर, पाय न टेकवता, आठचा आकडा काढून मिळवलेलं! ते कुणी हुंड्यात दिलेलं नसतं की वारसाहक्कानं आलेलं नसतं.

आणि गंमत बघा, एवढं मिरवून मिळवलेलं लायसन्स पुढं असतं कुठं? ‘ह्यांच्या’ फायलीत. त्याची मुदत कधी संपते, ते माहीत कुणाला? ह्यांना. आणि नूतनीकरण कोण करून आणणार? तर ह्यांच्या ओळखीचा कुणी एजंट. बाईचं काम फक्त दोन फोटो काढून द्यायचे आणि पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी सह्या करायच्या.

हा विषय आजच का काढला, तर त्याला कारण आहे. 2001 साली ॲक्टिव्हा बाजारात आली. त्याआधी लुना, कायनेटिक, स्कूटी होत्याच. त्या चार-सहा वर्षांत आपल्यासारख्या लहान गावांतल्या कितीतरी सुना-मुली गाडीवर बसल्या. मुलांना शाळेत सोडणं, दळण आणणं, शिकवणीला, नोकरीला जाणं, सगळं गाडीवरून सुरू झालं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खासगी गाडीचं लायसन्स 20 वर्षं किंवा वयाची 50 वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालायचं. म्हणजे 2005 साली पंचविशीत ज्यांनी लायसन्स घेतलं, त्यांचं 2025 मध्ये संपलं. ज्यांनी तेव्हा चाळिशीत घेतलं, त्यांचं त्याच्या कितीतरी आधीच संपून गेलं. आमच्या गटाच्या एका बैठकीत मी सहज विचारलं, ‘तुमच्या लायसन्सची मुदत कधीपर्यंत आहे?’ गाडीवरून आलेल्या अकराजणींपैकी तिघींनाच सांगता आलं. बाकीच्यांनी पर्समध्ये, घरी, मोबाइलवर शोधाशोध केली, तेव्हा दोघींची मुदत उलटून गेलेली निघाली. आणि दोघीही रोज हायवेवरून जा-ये करणाऱ्या!

आता मुदतीचा नियम बदललाय, तो आधी समजून घेऊ. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना वय तिशीच्या आत असेल, तर ते चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळतं. तीस ते पन्नासच्या दरम्यान वय असेल, तर दहा वर्षांसाठी. पन्नास ते पंचावन्न असेल, तर साठाव्या वर्षापर्यंत. आणि पंचावन्नच्या पुढं दर वेळी पाच वर्षं. म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी नूतनीकरण करणारीला चौपन्नपर्यंत काळजी नाही. जुन्या लायसन्सवर जी तारीख छापलेली आहे, ती मात्र तशीच धरायची.

त्याच दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी बदलल्या आणि त्या पुष्कळजणींपर्यंत पोचलेल्याच नाहीत. पहिली म्हणजे मुदत संपल्यावर पूर्वी 30 दिवस लायसन्स चालू धरलं जायचं, ती सवलत गेली. आता तारीख उलटली, की दुसऱ्या दिवसापासून विनालायसन्स. कलम 181 खाली त्याला 5000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितलंय. दुसरी गोष्ट म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत. ते वर्षही घालवलं, तर पुन्हा गाडी चालवून दाखवायची परीक्षा. पूर्वी ही परीक्षा पाच वर्षांच्या उशिरानंतर द्यावी लागायची. तेव्हा ‘बघू निवांत’ म्हणायचे दिवस संपले.

‘पण एजंटला दिलं की काम होतंच ना!’ असं तुम्ही म्हणाल. होतंही. पण कधीकधी होत नाही आणि ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आमच्या ओळखीतल्या एक ताई घरगुती डबे देतात. रोजचे चाळीसेक डबे, दोन वेळा, स्कूटरवरून. त्यांच्या लायसन्सची मुदत संपत आली, तेव्हा त्यांनी कागद आणि दोन हजार रुपये एका एजंटकडे दिले. पावती नाही, काही नाही. महिन्यानं विचारलं, तर ‘काम झालंय ताई, कार्ड पोस्टानं येईल.’ दोन महिन्यांनी विचारलं, तर ‘सर्व्हर डाउन आहे.’ नंतर त्यांनीही विचारणं सोडलं. डबे थोडेच थांबणार होते! पुढं एका संध्याकाळी वळणावर त्यांच्या गाडीचा धक्का एका आजोबांना लागला. मांडीचं हाड मोडलं. आजोबांच्या घरच्यांनी भरपाईचा दावा केला. त्यांचंही काही चुकलं नाही, दवाखान्याचा खर्च कुणी करायचा? विमा होता, त्यामुळे ताई निर्धास्त होत्या. पण विमा कंपनीच्या वकिलांचा पहिलाच प्रश्न आला, ‘अपघाताच्या दिवशी लायसन्स चालू होतं का?’ शोधाशोध केली, तेव्हा कळलं की अर्ज कधी भरलाच गेला नव्हता. दावा अजून चालू आहे.

इथं कायदा काय म्हणतो, ते बायकांनी जरूर माहीत करून घ्यावं. 2004 साली स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लायसन्समध्ये खोट आहे म्हणून जखमी माणसाला वाऱ्यावर सोडता येणार नाही. अशा प्रकरणांत कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि अट मोडल्याचं सिद्ध झालं, तर ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करून घ्यावी. जखमीच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. पण मालक म्हणून गाडीच्या पुस्तकावर आपलं नाव असेल, तर? डब्यांवर चालणाऱ्या घराला अशी वसुली झेपेल का? शिवाय आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो, तो वेगळाच. एजंटचं नाव या सगळ्यात कुठंही येत नाही. कायद्याच्या दारात उभी राहते ती लायसन्सवरची बाई.

म्हणून माझं म्हणणं असं नाही, की कुणाची मदत घेऊच नका. कुणी सोबत येऊ दे, कुणी फॉर्म भरून देऊ दे. आपण घरात सगळ्यांची कामं करतो, एखादं आपलं काम दुसऱ्यानं केलं तर बिघडलं कुठं? फक्त कुठलं काम दुसऱ्याकडे द्यायचं आणि कुठलं नाही, याची खूणगाठ पक्की हवी.

द्यायचं ते आधी सांगते. आता नूतनीकरणाचा अर्ज केंद्र सरकारच्या ‘सारथी’ पोर्टलवर करायचा असतो. चाचणीची गरज नसलेलं नूतनीकरण आधारच्या साहाय्यानं, कार्यालयात न जाता करता यावं, अशी सोय मार्च 2021 मध्ये केंद्रानं जाहीर केली. ज्यांना मोबाइलवर जमतं, त्यांनी घरबसल्या करावं. नाही जमलं, तर मुलीला, भाच्याला सांगावं, किंवा गावातल्या महा ई-सेवा केंद्रात जावं. टाइप करणं, कागद स्कॅन करणं, पैसे भरणं ही कामं कुणीही केली तरी चालतात. मात्र पोर्टलचा पत्ता नीट पाहा. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट निघाल्यात, व्हॉट्सॲपवर परिवहनच्या नावानं खोटी ॲपही फिरतात. ती उघडली, की बँकेतले पैसे गेलेच म्हणून समजा.

आता द्यायचं नाही, ते. पहिला आपला मोबाइल नंबर. ही अगदी साधी वाटणारी गोष्ट आहे, पण सगळी गोम तिच्यातच आहे. एजंटकडून झालेल्या बऱ्याच अर्जांवर त्याचाच नंबर टाकलेला असतो. का? तर ओटीपी पटकन मिळावा म्हणून. मग अर्ज मंजूर झाला की नाही, कार्ड निघालं की नाही, याचे सगळे निरोप त्याच्या फोनवर जातात. पुढच्या वेळी आपण स्वतः अर्ज करायला बसलो, की ओटीपी जातो तिसऱ्याच माणसाकडे. मग पुन्हा त्याच्याच दारात! घरातही तसंच. नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा टाकू नका. तुमच्याकडे साधा फोन असला तरी ओटीपी त्यावर येतो.

दुसरी गोष्ट, सही आणि त्यासोबतचं जाहीरपत्र. अर्जासोबत आपल्या तब्येतीबद्दल एक निवेदन भरायचं असतं. फिट येते का, दिवसाच्या चांगल्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, तांबडा आणि हिरवा रंग ओळखता येतो का, असे प्रश्न त्यात असतात. दुसऱ्यानं सगळीकडे सरसकट उत्तरं ठोकून दिली, तरी त्याखाली सही आपली. म्हणजे जबाबदारीही आपली.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, डॉक्टरांचा दाखला. वय चाळीसच्या पुढं असलं, की फॉर्म 1-अ म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. एजंटकडे हे दाखले कोरे, सही-शिक्क्यासह तयार असल्याचं पुष्कळजणींनी पाहिलं असेल. डॉक्टरांनी तोंडही पाहिलेलं नसतं आणि दाखला तयार! सोयीचं वाटतं. पण विचार करा, चाळिशीनंतर आपले डोळे शेवटचे कधी तपासलेत? सुईत दोरा ओवता येईना, की आपण चाळिशी लावतो आणि गप्प बसतो. लांबचं धूसर होतंय, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यानं डोळे दिपतात, हे कुणाला सांगतच नाही. घरात साखरेचा आजार असेल, तर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो आणि सुरुवातीला तो कळतही नाही. मोतीबिंदू तर हळूहळूच येतो. सरकार दहा-पाच वर्षांनी एकदा आपल्याला डॉक्टरांकडे पाठवतंय, तर ती संधी शंभर-दोनशे रुपये वाचवायला का घालवायची? एक बाई दाखल्यासाठी म्हणून गेल्या, तर रक्तदाब इतका वाढलेला निघाला, की डॉक्टरांनी आधी गोळी दिली, दाखला नंतर. त्यांचं लायसन्स पंधरा दिवस उशिरा आलं. पण वेळेवर तब्येत कळली, हे केवढं मोठं!

आता बायकांनाच येणारी एक अडचण. लायसन्स काढलं तेव्हा माहेरचं नाव, माहेरचा पत्ता. आधारवर सासरचं नाव, सासरचा पत्ता. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून आधारवरून करायचा घरबसल्याचा अर्ज अडतो. आणि पत्ता जुनाच राहिला, तर कार्ड पोस्टानं जायचं माहेरी. तिथं भाऊ-वहिनी राहत असतील तर ठीक, नाहीतर परत! अशांनी लग्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा घेऊन एकदा स्वतः कार्यालयात जावं आणि नाव-पत्ता दुरुस्त करून घ्यावा. त्यासाठी माहेरच्या जिल्ह्यात खेटे घालायची गरज नाही. कायद्याच्या कलम 15 प्रमाणे नूतनीकरण कुठल्याही परवाना कार्यालयात करता येतं, मूळ लायसन्स जिथलं आहे तिथंच जावं लागत नाही. ज्यांची लायसन्सं जुन्या पुस्तकाची, हातानं लिहिलेली आहेत आणि सारथीवर दिसतच नाहीत, त्यांना मात्र मूळ पुस्तक घेऊन समक्ष जाण्याला पर्याय नाही.

‘समक्ष जायचं’ म्हटलं, की पोटात गोळा येतो ना? मागच्या वर्षी आम्ही चौघीजणी साडेआठच्या एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. एकीला सोबत म्हणून तिघी. फाटकातून आत शिरेपर्यंत पाचजणांनी विचारलं, ‘काय काम आहे मॅडम? करून देतो.’ आतल्या खिडकीवर बसलेल्या बाबूंनी कागदांकडे न बघताच विचारलं, ‘एजंट कोण तुमचा?’ आम्ही म्हटलं, ‘आमच्या आम्हीच.’ त्यांनी एकदा वर पाहिलं. मग एक झेरॉक्स कमी निघाली, मग दुसऱ्या खिडकीकडे बोट, मग जेवणाची सुट्टी. पण तीनच्या सुमाराला काम झालं. बाहेर पडताना तिथं एकट्याच उभ्या असलेल्या एक अंगणवाडी सेविका आमच्याजवळ आल्या, म्हणाल्या, ‘ताई, तुमचं बघून मीपण स्वतःच भरते फॉर्म.’ त्यांचाही भरून दिला. सोबत असली, की धीर येतो तो असा.

पैशाचा हिशोबही सांगून ठेवते. केंद्रानं 2016 च्या अखेरीस ठरवलेल्या दरांप्रमाणे नूतनीकरणाची फी 200 रुपये आणि स्मार्ट कार्डाचे 200. वर टपालखर्च वगैरे. उशीर झाला, तर जादा फी. अर्ज करताना पोर्टलवर जो आकडा दिसेल, तेवढेच भरायचे आणि त्याची पावती निघते. आता कुणी दोन-अडीच हजार मागितले, तर त्यातले सरकारचे किती आणि त्याचे किती, हे तुम्हाला लगेच कळेल.

एजंट म्हणजे सगळेच लबाड, असं मात्र मी म्हणणार नाही. पोर्टलवरचं इंग्रजी, अडखळणारं इंटरनेट, रोजगार बुडवून जिल्ह्याला जाणं, यातून त्यांचा धंदा उभा राहिलाय. जानेवारी 2015 मध्ये तेव्हाचे परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी आरटीओच्या आवारातून एजंटांना बाहेर काढण्याचा आदेश काढला होता, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती! पण नुसत्या आदेशानं एजंट जात नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला एक दिवसाचा खाडा परवडत नाही, हे खरंच आहे. तिनं पैसे देऊन फॉर्म भरून घेतला, तर तिला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त तिनं त्याच दिवशी अर्ज क्रमांक मागून घ्यावा. पैसे भरल्याची पावती घ्यावी. मूळ लायसन्स कुणाकडे ठेवून येऊ नये. अर्ज क्रमांक हातात असला, की अर्ज कुठं अडकलाय ते पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. डबेवाल्या ताईंकडे तो एक क्रमांक असता, किंवा तो मिळत नाहीये एवढं जरी वेळेत कळलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं.

अनेक तालुक्यांच्या गावी आरटीओचं शिबिर महिन्यातून एकदा-दोनदा भरतं, बहुधा विश्रामगृहाच्या आवारात. बचत गटांनी त्याच्या तारखा विचारून घ्याव्यात आणि फळ्यावर लिहाव्यात. गटाच्या वहीत कर्जाचे हप्ते लिहितो, तसा प्रत्येकीच्या लायसन्सच्या मुदतीचा एक रकाना आखावा. आम्ही आखलाय. दर बैठकीला दोन मिनिटं लागतात.

परभणीहून पुण्यात आलेल्या शीला डावरे 1988 साली रिक्षा चालवू लागल्या, तेव्हा बाईला रिक्षा द्यायलाही लोक तयार नव्हते. त्याच साली आजचा मोटार वाहन कायदा संसदेत मंजूर झाला. त्यानंतर 35 वर्षांनी, 2023 मध्ये, आपल्या एसटीच्या चाकावर बायका बसल्या. धंद्याच्या गाडीचं लायसन्स त्यांना दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. त्यांच्या पोटाचा प्रश्नच त्या कार्डावर आहे. आपला नसेल तेवढा, पण आपलं हिंडणं-फिरणं, कुणाच्या तोंडाकडे न बघता दवाखान्यात किंवा माहेरी जाणं, हे त्याच कार्डावर आहे ना?

तेव्हा आज रात्री भांडी आवरली, की एक काम करा. ह्यांच्या फायलीतून आपलं लायसन्स काढा. त्यावर ‘एनटी’ म्हणजे खासगी गाडीची मुदत लिहिलेली असते, ‘टीआर’ म्हणजे धंद्याच्या गाडीची. ती तारीख कॅलेंडरच्या पानावर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, ठळक लिहून ठेवा. आणि लायसन्स पुन्हा फायलीत ठेवू नका. आपल्या पर्समध्ये ठेवा.